वन्संना, खांद्याबद्दल

९ जानेवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र परत पाठवलं नसलंत म्हणजे मिळवली. मीच आहे, फक्त हात डावा आहे. उजवा पट्टीत घालून गळ्यात अडकवलाय. नमस्कार करते, पण सध्या तोही एका हाताचाच गोड मानून घ्या.

फोन करणार होते. पण मागच्या वेळी मी "थंडी पडलीय" म्हटलं आणि तुम्ही "कोण पडलंय?" म्हणून अर्धा वेळ तेच विचारत राहिलात. म्हणून म्हटलं, कागद बरा. कागदाला कान लागत नाहीत.

तर खांदा. घाबरण्यासारखं काही नाही. कपाटावरची बॅग काढायला हात वर केला आणि आत काहीतरी तटकन वाजलं. तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, कंडरा दुखावलीय. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी. हे मी शाळेत मुलींना फळ्यावर काढून दाखवायचे. अंग गरम केल्याशिवाय उडी मारायची नाही, गुडघे न वाकवता वजन उचलायचं नाही, कमरेतून पिळून ओझं घ्यायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

व्यायाम करून घेणारी एक फिजिओ मुलगी आहे. माझी नात शोभेल एवढी, पण दराऱ्याची. तिने बॅगेची हकिगत ऐकून घेतली आणि विचारलं, "आजी, बॅगेत काय होतं?"

"काही नाही. रिकामी होती."

"रिकाम्या बॅगेने इतकं होत नाही."

मग तिने बरंच सांगितलं. म्हणाली, कारण विचारलं की माणसं नेहमी शेवटचं कारण सांगतात. मूळ कारण आधीचं असतं. तेच ते काम त्याच हाताने रोज, मधे उसंत नाही. वजन अंगापासून लांब धरणं. थकलेल्या अंगाने आणखी एकदा. आणि दुखायला लागल्यावर गोळी घेऊन पुढे जाणं. शिवाय वय. वयाबरोबर दोरी विरत जाते, आणि विरलेल्या दोरीला एक हिसका पुरतो. मी मान डोलावली.

हे बरे आहेत. जेवण वेळेवर होतं. अंग रोज पुसलं जातं. तुम्ही आला होतात तेव्हा पाठीवर ती लाल जागा दिसली होती ना, ती भरून आली. शब्द अजून तेवढेच, "नाही", "बरं" आणि "च्यायला". झटक्याने सगळी भाषा नेली आणि नेमका तो शेवटचा ठेवला, तोही असा खणखणीत की नर्सबाई लाजतात.

मलाही काम कमी आहे. चादरींचं धुणं पूर्वीसारखं राहिलं नाही, त्यामुळे हाताला आराम मिळतो. घर शांत असतं.

तुमची कंबर कशी आहे? थंडीत धरते का अजून? शेक घ्या, आणि बादल्या उचलू नका. मास्तरणीचा सल्ला आहे, फुकट आहे म्हणून टाकून देऊ नका.

तुमची
मास्तरीण

*

३१ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. ना नमस्कार, ना चमत्कार, नुसते प्रश्न. चादरी कमी का झाल्या. पुसलं जातं म्हणजे कोण पुसतं. घरात नर्स कुठून आली. आणि बॅग कुठे जायला काढली होतीस. तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. घरात बसून उगाच भाज्या निवडत आयुष्य घालवलंत.

तुमच्यापासून काही लपवणं मला लग्न झाल्यापासून जमलेलं नाही. सांगते. हे पत्र हातात आहे तोवर खुर्चीत बसा.

हे घरी नाहीत. गावाबाहेरच्या रस्त्याला, जुन्या पाण्याच्या टाकीपलीकडे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळणारं एक घर आहे. तिथे आहेत. बॅग त्यांचे कपडे भरायला काढली होती, आणि तीही चष्मेवाल्याने काढून दिली. तुम्हाला आठवत असेल, आमच्या खालच्या मजल्यावर चष्म्याचं दुकान आहे, त्याचा मालक. माझा हात तेव्हा पट्टीत होता. म्हणजे बॅगेने काही झालं नाही. त्या मुलीला ते तेव्हाच कळलं होतं.

झालं ते बाथरूमच्या दारात. रोज सकाळी यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून बाथरूममध्ये न्यावं लागायचं. मदतनीस होता तोवर आम्ही दोघं मिळून करायचो. तो दुसरीकडे लागला आणि त्याच्यानंतर कुणी टिकलं नाही. यांची अंगलट तुम्हाला माहीत आहे. छापखान्यात कागदाचे गठ्ठे एका खांद्यावर टाकून जिना चढणारा माणूस. आजाराने अर्धं अंग गेलं, वजन काही गेलं नाही. मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधायचे, त्यांचा चांगला हात माझ्या मानेभोवती घ्यायचे, आणि उजवा हात त्यांच्या काखेखाली घालून उभं करायचे. दार अरुंद. तिथे दोघांना एकदम वळता येत नाही. पाय जागच्या जागी ठेवून कमरेतून वळावं लागतं, ओझ्यासकट. मुलींनी असं केलं असतं तर मी शिट्टी वाजवून थांबवलं असतं.

खांदा आधीपासून बोलत होता. रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही, वेणी घालताना हात भरून यायचा. मिठाच्या पुरचुंडीने शेकायचे, मलम चोळायचे आणि सकाळी पुन्हा तेच. हे मी त्या फिजिओ मुलीला मागाहून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दुखायला लागलं तेव्हाच काही आठवडे थांबायला हवं होतं, आजी."

मी म्हटलं, "थांबले असते. त्यांना बाथरूमला कोण नेणार होतं?"

ती माझा हात धरून हळूहळू वर नेत राहिली.

त्या सकाळी मला जाग उशिरा आली. यांना घाई झाली होती, पलंगाची दांडी वाजवत होते. मी अंथरुणातून उठले ती तशीच, गार अंगाने. दारापर्यंत आलो. वळताना माझा पाय ओल्या फरशीवर घसरला, सगळं वजन एका खांद्यावर आलं आणि तटकन झालं. ते माझ्या हातून सुटले. पडले.

मी ओरडले असणार, कारण चष्मेवाला कानाला पेन्सिल लावून तसाच धावत वर आला. त्याने रुग्णवाहिका बोलावली. यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नीट झालं. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमचं वय, तुमचा रक्तदाब, आणि तुम्ही आलाच असतात. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तुमच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

तिथून त्यांना मी त्या घरी ठेवलं.

गेल्या वेळी निघताना तुम्ही जिन्यात माझा हात धरून म्हणाला होतात, "माझ्या भावाला परक्या हातात देऊ नकोस." मी बरं म्हटलं होतं. ते मोडलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

काय बोलायचं ते बोला. मी वाचीन.

तुमची
मास्तरीण

*

२३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या पत्राचा राग आला नाही, असं लिहायला बसले होते. पण आला. दोन दिवस ते उलटं करून टेबलावर ठेवलं होतं.

तुम्ही लिहिलंत, "आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. एका कडेवर त्याला आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन चढ चढायचे. माझ्या हातून तो कधी सुटला नाही. तू तर कमावलेल्या अंगाची." आणि खाली, "पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन येते आणि भावाला माझ्या घरी नेते. तुला जड झाला, मला नाही."

तुमच्या हातून ते सुटले नाहीत हे खरं आहे. पण तुमची कंबर तेव्हापासून एका अंगाला कललेली आहे, वन्सं. लग्नात मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच माझं लक्ष गेलं होतं. आमचा धंदाच तो, माणूस कसा उभा राहतो ते बघायचा. त्या फिजिओ मुलीला मी तुमच्याबद्दल विचारलं. म्हणाली, वाढत्या वयात एकाच बाजूला भार घेतला की पाठीचे स्नायू एकीकडे ओढले जातात आणि मग तसेच राहतात. तुम्हाला त्या वेळी कुणी म्हटलं का, खाली ठेव त्याला, थोडी बस? नसेल म्हटलं. मलाही कुणी म्हटलं नाही. हा टोमणा नाही. आपल्या दोघींचं दुखणं एकाच माणसाला उचलून आलेलं आहे, एवढंच म्हणायचंय.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. तुम्ही गाडी घेऊन निघायच्या आधी तुम्हाला ते माहीत असायला हवं.

फरशी कोरडी होती. कुणी घसरलं नाही.

दारात वळताना खांदा गेला हे खरं. उजवा हात असा लुळा पडला की जणू दुसऱ्या कुणाचा. मी ओरडले. पण ते पडत नव्हते, वन्सं. माझ्या डाव्या हातात त्यांच्या कमरेचा पट्टा होता, आणि गुडघा मी चौकटीला टेकवला होता. मी धरलं होतं त्यांना. आणखी थोडा वेळ मिळता तर हळूहळू खाली बसवलं असतं. पडायचं कसं हेही शिकवलंय मी इतकी वर्षं. त्यांचं तोंड माझ्या कानापाशी होतं. माझं ओरडणं त्यांनी ऐकलं आणि "नाही" म्हणाले. जोरात नाही, समजूत काढल्यासारखं. आणि माझ्या मानेभोवतीचा हात त्यांनी काढून घेतला.

निसटला नाही. काढला. बोटं उघडली, कोपर सरळ केला आणि मागे गेले. पट्टा माझ्या मुठीतून ओढला गेला.

खाली पडल्यावर पायाकडे पाहिलंही नाही. माझ्या खांद्याकडे बघत होते.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, चष्मेवाल्याला नाही, कुणालाच नाही. पाय घसरला म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

दुसरं. त्यांना मी ठेवलं नाही. इस्पितळातून सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. यांच्या पलंगाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, आता घरी जायचं ना?"

"नाही," हे म्हणाले.

त्यांना वाटलं, समजलं नसेल. माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं, "घरी. यांच्याकडे. आपल्या घरी."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यात पट्टी, केस चष्मेवाल्याच्या बायकोने विंचरून दिलेले, अशी उभी होते. "नाही," म्हणाले. बाई तिसऱ्यांदा विचारायला लागल्या तेव्हा म्हणाले, "च्यायला, नाही." सगळी खोली हसली. मीही हसले. मग बाहेर जिन्यात जाऊन बसले.

मी म्हटलं होतं त्यांना, वाटेल ते करू, माणूस ठेवू, दार मोठं करून घेऊ. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. संसारात आम्ही कितीदा भांडलो, तुम्हाला साक्षीला बोलावलंय. पण त्यांनी असं तोंड कधी फिरवलं नव्हतं.

तुम्हाला "मी ठेवलं" लिहिलं, कारण ते सोपं होतं. बायकोने नवऱ्याला टाकलं, असं म्हणून तुम्ही मला शिव्या दिल्या असत्यात आणि दिल्यातही. त्या मी सोसल्या असत्या. नवऱ्याने घर नको म्हटलं, हे लिहिताना हात पुढे जाईना. आणि त्यांनी माझ्यासाठी हात सोडला, हे तुम्हाला कळलं तर तुमचं काय होईल, हेही मनात होतं. वाढवलंत तुम्ही त्यांना.

आता तिथलं. जागा स्वच्छ आहे. एका खोलीत चार पलंग, खिडकीतून गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसतं. माणूस उचलायला त्यांच्याकडे यंत्र आहे. अंगाखाली कापडाची झोळी सरकवतात, बटण दाबलं की माणूस अलगद वर येतो, खुर्चीवर खाली उतरतो. आणि कधी हाताने उचलायची वेळ आलीच, तर दोघं लागतात. एकट्याने उचलायचं नाही, हा त्यांच्याकडे नियमच आहे, तिथल्या धडधाकट पोरांनासुद्धा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाजूला उभी होते. कौतुक वाटलं आणि बघवलंही नाही. इतकी वर्षं जे माझ्या गळ्यात हात टाकून उठले, ते झोळीत लोंबकळत होते, डोळे मिटून.

आता मी गेले की ते एकच विचारतात. शब्द नाही, नुसतं माझ्या खांद्याकडे बोट आणि भुवया वर. मी म्हणते, "बरा होतोय." मग "बरं" म्हणतात आणि पडून राहतात. तेवढ्यावर त्यांचा दिवस जातो, असं तिथली बाई सांगते. आत जायच्या आधी मी पट्टी काढून पर्समध्ये टाकते, आणि हात स्वेटरच्या खिशात घालते.

तो बरा होत नाहीये, वन्सं. फोटो काढून झाले. कंडरा पुरती तुटलीय आणि तुटलेलं टोक आत ओढलं गेलंय. सर्जन म्हणाले, या वयात, इतकी विरलेली असताना, टाके घातले तरी धरत नाहीत. व्यायामाने दुखणं कमी होईल, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही, आणि ओझं तर विसराच. हे त्यांना कसं सांगू? बरा होणार नाही म्हटलं, तर त्यांना कळेल की घरी येणं आता कधीच नाही. बरा झाला म्हटलं, तर ते उद्या पलंगाची दांडी वाजवून चपला मागतील. त्यांचा "नाही" माझ्या खांद्यापुरता होता, घरासाठी नव्हता. हे मला तिथे जाऊन जाऊन कळलं. मग रोज मधलंच काहीतरी सांगते.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी इतकं लांबलं. गेल्या आठवड्यापासून त्यांना खोकला आहे. छातीत कफ धरलाय. ताप येतो-जातो. भरवलेलं अर्धं बाहेर येतं. पडून राहणाऱ्या माणसाला हे होतंच, असं डॉक्टर म्हणाले. मग मला दाराबाहेर घेऊन म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी विचारलं, पुढच्या महिन्यात बहीण येतेय, चालेल ना? ते म्हणाले, "आधी बोलवा."

तेव्हा गाडी आणा किंवा आणू नका, त्यांना आता कुठे हलवू देणार नाहीत. पण तुम्ही या. पत्र पोचेल त्या दिवशी निघा. मी चष्मेवाल्याकडून तुमच्या मुलाला फोनही करवते. तुम्हाला त्यांच्या उशाशी खुर्ची मिळेल, मी सांगून ठेवलंय. त्यांचा चांगला हात डावा आहे, त्या बाजूला बसा.

तुम्हाला पाहून ते रडतील, मग तुमच्याकडे बघून माझ्या खांद्याकडे बोट करतील. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसत नाही हल्ली. तुमच्यावर बसेल. तुम्ही त्यांच्याशी आयुष्यात खोटं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. आई कुठे गेली, हेसुद्धा तुम्ही त्यांना खरं तेच सांगितलं होतं म्हणे.

या वेळी तेवढं करा माझ्यासाठी. म्हणा, बघितला मी तिचा हात, बरा होतोय.

वाट बघते.

तुमच्या भावाची
बायको